नाना तावड्यांचं गाऱ्हाणं

नाना तावडे आमच्या घरात कधी नुसते आले नाहीत. रविवारी सकाळी बेल वाजायची, मी दार उघडायचे, आणि चपला काढता काढताच ते म्हणायचे, "बाय, तुजां चुकलां." काय चुकलं ते नंतर. आधी आत यायचं, खिडकीजवळची खुर्ची पंख्याखाली ओढायची, चहा मागायचा, साखर कमी पडली म्हणून सांगायचं, आणि मग गेल्या रविवारी अर्धवट राहिलेला वाद त्याच वाक्यापासून पुन्हा सुरू करायचा. आठवडाभर हा माणूस माझं एक वाक्य तोंडात घोळवत बसलेला असायचा. माझं डोकं फिरायचं. सुजाता मात्र हसत चहा ठेवायला जायची, कारण तिला वाद आवडायचा. निदान तेव्हा तरी आवडायचा.

नाना आमच्या समोरच्याच दारात एकटे राहायचे. भांडुपला आमची चाळ होती तेव्हापासूनचे शेजारी. गाव कणकवलीच्या बाजूला. गिरणी बंद पडल्यावर एका छापखान्यात लागले आणि तिथूनच रिटायर झाले. बायको वारली, एकुलती मुलगी वैशाली लग्न होऊन दहिसरला गेली. चाळ पाडून टॉवर उभा राहिला, लिफ्ट आली, सगळ्यांनी आपापली दारं लावून घेतली. नानांचं दार उघडंच. मी मेधा, फिजिओथेरपिस्ट. आई गेल्यावर या घरात एकटी होते, मग सुजाता आली. ती बँकेत आहे. "माझी मैत्रीण," असं मी बिल्डिंगला सांगितलं आणि बिल्डिंगने ते मान्य केलं, कारण सगळ्यांना तेच सोयीचं होतं. नानांना मात्र मी खरं ते सांगून टाकलं होतं. ते म्हणाले, "माका काय डोळे नाय? म्हायत आसा. चाय टाक." मला वाटलं, सुटले बाई. कसली सुटतेय!

आता गाऱ्हाणं काय असतं ते सांगते. कोकणातल्या माणसाला सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी. आमच्या सोसायटीचा गणपती खाली पार्किंगमध्ये बसतो, पाच दिवस. विसर्जनाला मूर्ती उचलायच्या आधी देवासमोर नारळ ठेवतात आणि एकजण सगळ्यांच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलतो. एकेका घराचं नाव घेऊन त्या घराला काय हवं ते मागतो, आणि प्रत्येक मागणीनंतर जमलेली माणसं एका आवाजात म्हणतात, "होय म्हाराजा!" हे काम नानांचं. आवाज असा की वरच्या मजल्यावरची आजारी माणसंसुद्धा गाऱ्हाण्यात यायची. राण्यांच्या मुलाला नोकरी, शिर्क्यांच्या सुनेला मूल, कुणाचा गुडघा, कुणाचं दुकान. सगळ्या घरांची पोटातली दुखणी त्यांना ठाऊक.

आणि दर वर्षी, न चुकता, आमच्या घरापाशी येऊन ते काय म्हणायचे? "बा देवा म्हाराजा! तिसऱ्या माळ्यावर मेधा आसा, एकटी आसा, आवस बापूस नाय. तिका चांगलो जोडीदार गावंदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" अख्खी बिल्डिंग ओरडायची. ढोलवाल्यांसकट.

सुजाता माझ्या शेजारीच उभी असायची, हातात प्रसादाचं ताट धरून. ती बौद्ध. गणपतीला हात जोडत नाही, पण पाचही दिवस खाली येऊन फळं कापते, ताटं लावते, पोरांना रांगेत उभं करते. "होय म्हाराजा" ती म्हणत नाही. त्यामुळे त्या सगळ्या गोंगाटात तोंड मिटून उभ्या असलेल्या आम्ही दोघीच. जिच्यासोबत मी राहते, भाजी निवडते, भांडते, जिच्या आईला महिन्यातून दोनदा कांजूरला भेटायला जाते, तिच्यादेखत शेकडो माणसं देवाकडे मला जोडीदार मागतायत. पहिल्या वर्षी आम्ही घरी येऊन पोट धरधरून हसलो. दुसऱ्या वर्षी थोडं कमी. पुढे हसूच येईना.

मी नानांना धरलं. "नाना, मला जोडीदार आहे. शेजारी ताट घेऊन उभी होती."

"ती सुजाता."

"हो, तीच."

"तां माका म्हायत आसा गो. पन देवाक कसां सांगू? लगीन खंय झालां तुमचां?"

"कायद्याने करता येत नाही आम्हाला लग्न."

"मगे कायदो बदला."

"बदला म्हटलं की तुम्हीच म्हणता धर्मात बसत नाही."

"नाय बसत. मगे?"

"मग कायदा कसा बदलेल?"

"तां माका काय इचारतंस? लगीन तुमका करूचां की माका?"

बघा. या माणसाशी असं बोलायचं म्हणजे गोल गोल फिरून पुन्हा आपल्याच दारात येऊन उभं राहायचं. मी दार आपटायचे, ते पुढच्या रविवारी तेच दार वाजवायचे.

मग समलिंगी लग्नाचा खटला सुप्रीम कोर्टात उभा राहिला, रोज टीव्हीवर सुनावणी, आणि नानांना चेव चढला. "घटनेत लिवलां नाय," हे त्यांचं पालुपद. सुजाता एक दिवस दादरहून भारताच्या संविधानाची मराठी प्रत घेऊन आली आणि त्यांच्या हातात ठेवली. मी तिला आधीच बजावलं होतं, देऊ नकोस, वाट लागेल. लागली. छापखान्यातला माणूस, आधी कागद, बांधणी आणि छपाईतल्या चुका काढून झाल्या. मग पुढच्या रविवारी दारातूनच आवाज आला, "बाय, तुजां चुकलां. पंचवीसावां कलम!"

"काय म्हणतं पंचवीसावं?"

"धर्माची मोकळीक. जां धर्मात नाय तां धर्मावर लादूचां नाय."

"नाना," सुजाता आतून म्हणाली, "कलमाची सुरुवात वाचा ना. बाकीच्या मूलभूत हक्कांच्या अधीन राहून, असं आहे तिथे. म्हणजे चौदावं आलंच त्यात. कायद्यापुढे सगळे सारखे. आणि आम्ही कुठे तुमच्याकडे भटजी मागतोय? रजिस्ट्रारची सही मागतोय."

"सारख्यांक सारखां. घोव-बायल येक, दोन बायलो येगळ्यो."

"नवरा-बायकोच हवेत? मग एकविसावं घ्या. जगण्याचा हक्क."

"लग्नाशिवाय मानूस मरता काय? माजी बायको जावन इतकी वर्सां झाली, मी जगतंय मां?"

सुजाता चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवून शांतपणे म्हणाली, "जगताय, नाना?"

त्यांनी एक घोट घेतला. मग म्हणाले साखर कमी आहे.

शास्त्राचा मुद्दा तर विचारूच नका. कुठल्या शास्त्रात नाही, विचारलं की म्हणायचे, सगळ्याच. शेवटी एकदा त्यांनी हुकमाचं पान काढलं. "कन्यादान कोन कोनाक करतलो? दोनय चेडवां. दान घेतलो कोन?" सुजाता म्हणाली, आमच्यात कन्यादान नसतंच, मुलगी ही काय दान करायची वस्तू आहे का? पण मी भडकले होते. मी म्हटलं, "नाना, वैशालीचं कन्यादान तुम्ही केलंत?"

केलं नव्हतं, आणि ते मला माहीत होतं. वैशालीच्या लग्नात मी होते. बायको नाही, म्हणजे जोडी नाही, म्हणून पाटावर नानांचा भाऊ आणि वहिनी बसले. ज्याने पोरीला एकट्याने वाढवलं, वेण्या घातल्या, डबे भरले, तो बाप नवा शर्ट घालून हॉलच्या खांबाला टेकून उभा. "पोटच्या पोरीचा हात धरायला तुम्हाला जोडी नाही म्हणून बसू दिलं नाही," मी म्हटलं. "कुणी केला हा नियम?"

"पद्धत आसा ती."

"बरं वाटलं तुम्हाला?"

"बरां वाटाक पद्धत नसता," नाना म्हणाले, आणि चहा अर्धा टाकून उठले. मला वाटलं, आता येणार नाहीत. पुढच्या रविवारी बेल वाजली. "बाय, तुजां चुकलां." कन्यादानाचा मात्र त्यांनी पुन्हा उल्लेख केला नाही.

निकाल लागला त्या दिवशी सुजाता बँकेतून लवकर आली होती. लग्न हा मूलभूत हक्क नाही, कायदा बदलायचा तर संसदेने बदलावा, असं पाचही न्यायाधीशांचं म्हणणं. तिने टीव्ही बंद केला आणि कपडेही न बदलता सोफ्यावर बसून राहिली. मी तिच्याशेजारी बसले. तेवढ्यात बेल. दारात नाना, आणि चेहऱ्यावर बरोबर उत्तर आलेल्या पोराचा आनंद. "सांगलेलंय मां मी? संसद! कोर्टाचां काम न्हय ह्यां. संसद म्हंजे कोन? आपून. लोकांक पटवा आधी."

"मग तुम्ही सांगा ना तुमच्या खासदाराला," मी म्हटलं. "द्याल पाठिंबा?"

"मी? नाय. माजां मत तांच."

"नाना, जा तुम्ही." माझा आवाज एवढा चढला की शेजारच्या बाईने दार किलकिलं करून पाहिलं. "आज नका बोलू. जा." ते गेले. पुढचे तीन-चार रविवार मी बेल वाजू दिली आणि दार उघडलं नाही. मग एकदा ते बाहेरूनच ओरडले, "वाद नाय घालूक इलंय, काळ्या वाटान्याची आमटी केलंय, ती तरी घी!" आमटी घेतली. आमटीवर काय राग काढायचा? चहा झाल्यावर म्हणाले, "बाय, त्या निकालात एक मुद्दो..." मी कपाळाला हात लावला.

पुढच्या पावसाळ्यात सुजाताच्या पोटात दुपारी अचानक जबरदस्त कळ आली. अपेंडिक्स. रिक्षात एका बाजूला मी, एका बाजूला नाना, मध्ये ती. हॉस्पिटलमध्ये काउंटरवरच्या बाईने संमतीच्या सहीसाठी नातेवाईक मागितला. मी म्हटलं, मी करते. कोण तुम्ही? मैत्रीण. मैत्रिणीची सही चालत नाही, रक्ताचं कोणी बोलवा. तिचा भाऊ कांजूरहून कामावरून निघून येईपर्यंत ती तशीच कण्हत पडलेली, आणि मी काउंटरसमोर उभी. नाना माझ्यापेक्षा जास्त तापले. काउंटरवर हात आपटून म्हणाले, "सही घेवा हिची! ही तिच्या घरची आसा!"

"घरची म्हणजे कोण, काका?" त्या बाईने विचारलं. खोडसाळपणे नाही हो, तिला खरंच रकाना भरायचा होता.

नानांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. आयुष्यभर ज्याला कधी शब्द कमी पडला नाही, तो माणूस तिथे गप्प झाला. माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. शेवटी म्हणाले, "शेजारीन." भाऊ आला, सही झाली, ऑपरेशन झालं, सगळं नीट पार पडलं. पण स्ट्रेचरवरून सुजाताने तो शब्द ऐकला होता.

घरी आल्यावर ती कितीतरी दिवस त्याबद्दल बोलली नाही. गणपती जवळ आले तसं एका संध्याकाळी डबे धुता धुता म्हणाली, "मेधा, या वर्षी मी खाली येणार नाही. गणपतीचे पाच दिवस आईकडे जाते."

"बरं, जा."

"ऐक ना. पाच दिवसांचं नाही बोलत आहे मी. तिथे घर लहान आहे, वारा फिरला की डम्पिंग ग्राउंडचा वास येतो, सगळं खरं. पण तिथे मी कोण आहे ते सगळ्यांना माहीत आहे. इथे मी कोण आहे गं? कोर्ट म्हणतं कोणी नाही. हॉस्पिटल म्हणतं कोणी नाही. नानासुद्धा म्हणाले शेजारीण. आणि वर पुन्हा ढोल वाजवून तुझ्यासाठी नवरा मागणार. मला नाही जमत आता." आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं. परत येईन असं ती म्हणाली नाही, आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मी तडक समोरच्या दारात गेले. नाना नारळ सोलत बसले होते. मी म्हटलं, "नाना, हात जोडते. या वर्षी गाऱ्हाण्यात आमचं घर घेऊच नका. गाळा. नाहीतर सुजाता जाईल."

"खंय जातली?"

"आईकडे. कायमची."

त्यांचा हात थांबला. मग म्हणाले, "गाऱ्हान्यात घर गाळूक येना नाय. येक घर गाळलां तर गाऱ्हानां फुटता."

"नाना!"

"फुटता म्हंजे फुटता. तिका सांग, येक दिवस खाली ये म्हनान. फळां कोन कापतलो?"

इतका संताप आला मला! इथे माझं घर मोडायला निघालंय आणि याला फळांची काळजी. तरी घरी येऊन मी सुजाताला सांगितलं, आणि का कुणास ठाऊक, ती थांबली; चार दिवस वरच राहिली आणि शेवटच्या दिवशी खाली आली. बॅग भरून दारापाशी ठेवली होती. म्हणाली, विसर्जन झालं की निघते.

खाली नेहमीचीच घाई. ढोलवाले आलेले, ट्रक लावलेला, सेक्रेटरी महाडिक घड्याळात बघून सगळ्यांना ओरडतायत. महाडिक म्हणजे आमच्याबद्दल जिन्यात हळू बोलणाऱ्यांचे पुढारी, पण "होय म्हाराजा" त्यांचंच सर्वांत जोरात. त्या वर्षी नानांना दम लागत होता, म्हणून खुर्चीत बसून गाऱ्हाणं. लोक फोन बघत, मुलांना सावरत, सवयीने ओरडत होते. राणे, होय म्हाराजा. शिर्के, होय म्हाराजा. मग नाना थांबले, श्वास घेतला, आणि आवाज असा लावला की ढोलवालेसुद्धा वळले.

"बा देवा म्हाराजा! तिसऱ्या माळ्यावर मेधा आनि सुजाता, ह्यां येक घर आसा. सुजाता बौद्ध आसा, ती तुका हात जोडना नाय, तो तिचो धर्म. तरी तुज्या पाच दिसांची फळां तीच कापता. ह्या दोगींचो संसार सुखाचो होवंदे, आनि कोनी वाकडां चितलां तर तेका सुबुद्धी दी रे म्हाराजा!"

"होऽऽय म्हाराजा!"

सगळे ओरडले. सगळे! सवयच ती. महाडिक तर हात वर करून. मग आपण कशाला होय म्हटलं ते एकेकाच्या डोक्यात उतरायला लागलं. सुजाताच्या हातातलं ताट कलंडलं, मी धरलं.

"नाना," महाडिक पुढे आले, "हे काय? संसार काय म्हणालात?"

"मी म्हटलंय तां म्हटलंय. तू काय म्हटलंस?"

"मी... ते सगळे म्हणाले म्हणून..."

"होय म्हटलंस. देवासमोर. फिरवतलंस? फिरव. ह्यो नारळ. हात ठेव हेच्यावर आनि म्हन, नाय म्हाराजा."

आमच्या आठवणीत कुणी कधी "नाय म्हाराजा" म्हटलेलं नाही. महाडिकांनी नारळाकडे बघितलं, मूर्तीकडे बघितलं. त्यांच्या बायकोने मागून शर्ट ओढला. "अहो, उचला आता, पुढे ट्रॅफिक लागेल." मूर्ती उचलली. सुजाताने त्या रात्री बॅग उघडली आणि कपडे परत कपाटात लावले. 

रविवारी बेल. मी दार उघडलं ते त्यांच्या पाया पडायच्या तयारीने. "बाय, तुजां चुकलां," नाना म्हणाले. "तुका वाटता मी बदललंय. नाय. कायद्याबद्दल माजां मत तांच. लगीन म्हंजे घोव-बायल."

"अहो, मग संसार का म्हणालात?"

"दिसता म्हनान म्हटलंय. त्या दवाखान्यातल्या बायेन इचारल्यान, घरची म्हंजे कोन? माका शब्द गावलो नाय. माका! तेवापासून शोधीत होतंय. गावलो, तो देवाक सांगलंय."

"मग त्याच शब्दाला कायद्यात जागा द्या ना, नाना!"

"तां संसदेचां काम."

मी कप इतक्या जोरात आपटला की कान उडाला. सुजाता स्वयंपाकघरात हसत होती, खूप दिवसांनी.

नाना त्याच थंडीत गेले, दहिसरला, वैशालीच्या घरी. सकाळी चहा मागितला आणि तो येईपर्यंत गेले. वाद असा मध्येच टाकून जायची ही काय पद्धत? गेल्या गणपतीत प्रश्न आला, गाऱ्हाणं कोण घालणार. कुणी पुढे होईना, शेवटी सेक्रेटरी म्हणून महाडिकांच्या गळ्यात पडलं. आधीच्या माणसाने घातलेलं गाऱ्हाणं मोडायचं नाही, शब्द बदलला तर देव रुसतो, हे कोकणातल्या प्रत्येक घरात ठाऊक असतं. महाडिकांनाही होतं. कुणीतरी फोनवर काढलेला नानांचा व्हिडिओ ऐकून ऐकून त्यांनी पाठ केलं होतं. तिसऱ्या मजल्यापाशी आले आणि अडखळले. घाम पुसला. मग नानांच्याच चालीत म्हणाले, मेधा आनि सुजाता, ह्यां येक घर आसा. फळांसकट सगळं म्हणाले. कोनी वाकडां चितलां तर तेका सुबुद्धी दी, हेसुद्धा, त्यांच्याच तोंडाने.

"होय म्हाराजा!"

माझ्या कानाशी एक आवाज नवा होता. मी वळून बघितलं. "अगं, तू?"

"गणपतीला नाही म्हटलं," सुजाता म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "नानांना म्हटलं."

कायदा आहे तिथेच आहे. उद्या पुन्हा हॉस्पिटलात जायची वेळ आली तर पुन्हा भाऊच बोलवावा लागेल, आणि गाऱ्हाण्यातला शब्द काउंटरवर चालत नाही. नानांच्या त्या संसदेच्या मुद्द्याला माझ्याकडे आता चोख उत्तर तयार आहे. कितीतरी रविवार मी ते मनात घासून ठेवलंय, कलमासकट. खुर्ची पंख्याखाली ओढलेली असते, चहात साखर बरोबर असते. नाना, चुकलां असेल माझं, पण येऊन सांगा ना.